तुझा प्रबंध आम्ही वलांडीवर वाळत घातला

सातपाटी, ता. जि. पालघर
मंगळवार, संक्रांतीच्या आदला दिवस

चि. वैभवी हिला आत्माराममामाचे सातपाटीपासून जर्मनीपर्यंत पुरतील एवढे आशीर्वाद.

पत्रास कारण आहे, पण ते लगेच सांगणार नाही. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझे बाबा, म्हणजे आमचे दादूभावोजी, बोटीवर असतात. बोट किनाऱ्याला लागली की येऊन झोपतात आणि उठले की पुन्हा बोटीवर जातात, त्यामुळे त्यांची खुशाली आम्हाला त्यांच्या घोरण्यावरून समजते आणि ती उत्तम आहे. तुझी मामी गुडघ्याला तेल लावते आणि दोष मला लावते. माझी तब्येत तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगतो. साखर थोडी वाढली आहे. डॉक्टरांनी गोड चहा बंद केला, तेव्हापासून मी घरी चहा पीत नाही, सोसायटीच्या ऑफिसात पितो. तुझ्याकडे बर्फ पडतो असं कळलं. आपल्याकडे बर्फ मासळीवर पडतो, माणसांवर पडत नाही, त्यामुळे काळजी वाटते. कानटोपी घालत जा.

आता तू म्हणशील, फोन असताना मामाने पत्र का लिहिलं. त्याचं असं आहे की मी व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू ते चालता चालता वाचलं असतंस, दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि एक हात जोडलेलं चित्र आलं असतं. पत्र माणूस बसून वाचतो. शिवाय फोनवर मी बोलायला लागलो की तू 'मामा, मीटिंग आहे' म्हणतेस (रविवारीसुद्धा म्हणतेस, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मला ठाऊक आहे). पत्राला मीटिंगची अडचण नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच, कारण नाताळातल्या फोनवर तू मला जे विचारलंस त्याचं उत्तर यात आहे. तू विचारलंस, 'मामा, आई माझ्याशी नीट का बोलत नाही? जेवलीस का आणि थंडी आहे का, एवढंच विचारते आणि फोन तुझ्याकडे देते. सोळा महिने झाले.' मी तेव्हा रेंजचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. सातपाटीत आता बोटीवरसुद्धा रेंज येते.

तर सुरुवात अशी झाली. तुला डॉक्टरेट मिळाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कमिटीने ठराव केला की यंदाच्या महिला मेळाव्यात तुझा सत्कार करायचा. तू नसलीस तरी चालेल, असं ठरलं. (सत्काराला सत्कारमूर्ती हजर असली की ती भाषण करते आणि जेवण उशिरा होतं, असा सोसायटीचा अनुभव आहे.) तुझ्या कामाची माहिती महिलांना सोप्या भाषेत सांगायची जबाबदारी सचिव म्हणून आणि मामा म्हणून माझ्यावर आली. मी तुझ्याकडून मराठीत दीड पान मागवून घेतलं, ते तुला आठवत असेल. ते दीड पान मी अकरा वेळा वाचलं. पहिल्या दहा वेळा मला वाटलं की तू दुसरं कुठलं तरी पान पाठवलंस.

त्या पानाच्या डोक्यावर तू लिहिलं होतंस: प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या परस्पर विलोपनातील फिरकी आणि विद्युतचुंबकीय रचना. हे सगळं फलकावर मावेना. बोईसरला बन्सी नावाचा फलक छापणारा आहे, त्याने मोजून सांगितलं की एवढं लिहिलं तर तुझ्या फोटोला जागा उरणार नाही, फक्त कपाळ येईल. म्हणून मी आटोपशीर केलं. 'सातपाटीची सुकन्या डॉ. वैभवी हिने कण-विनाशात डॉक्टरेट मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' बन्सीने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साब, विनाश लिखा है तो पीछे थोडा धुआँ डाल दूँ? खाली खाली लगता है." मी घाईत होतो. हो म्हणालो. त्याने धुराचा एवढा मोठा छत्रीसारखा ढग टाकला, आणि त्याच्यापुढे तू कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या मोरपंखी साडीत हसत उभी. हा फलक मी मोठ्या हौसेने एक सातपाटीच्या नाक्यावर आणि एक तारापूरच्या रस्त्यावर लावला. अणुवीज केंद्र जवळ, त्यामुळे तिथे विज्ञानाची आवड असलेली माणसं जास्त जातात, असा माझा हिशेब होता. पहिल्या दोन तासांत चार जणांनी सोसायटीत फोन करून विचारलं, 'कधी आहे?' मी सांगितलं, रविवारी दुपारी तीन वाजता, सहकुटुंब या. एकाने विचारलं, जनावरांचं काय करायचं. तेव्हा मला शंका आली आणि मी रिक्षा करून जाऊन फलक उतरवला. सातपाटीचा राहू दिला. आपल्या लोकांनी तो नीट वाचलाच नाही, तुझी साडी तेवढी बघितली.

आता प्रमुख पाहुण्यांचं. विषय अणूच्या पोटातला, तेव्हा पाहुणा जाणकार हवा. बोईसरच्या वसाहतीत चंद्रभानराव म्हणून घाटावरचे गृहस्थ राहतात. तीस वर्षं प्लँटात काढून निवृत्त झालेले, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. तुझी आई त्या वसाहतीत मासळी घेऊन जाते, त्यांच्या घरी तिचं जाणं-येणं आहे, म्हणून मी तिलाच मध्ये घातलं. ती म्हणाली, "बोलावतो तर बोलव. मानूस चांगला हाय." मी त्यांना तुझं दीड पान दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, बघतो. एवढा शांत माणूस म्हणजे नक्की शास्त्रज्ञ, अशी माझी खात्री झाली. मी निमंत्रणपत्रिकेवर 'ज्येष्ठ अणुतज्ज्ञ' असं छापूनसुद्धा टाकलं.

रविवारी सभागृह गच्च भरलं. दोनशे बायका, त्यातल्या दीडशे बोलत होत्या. चंद्रभानराव उभे राहिले, पेनं नीट केली आणि म्हणाले की पत्रिकेत काहीतरी चूक झालेली दिसते, मी तीस वर्षं प्लँटात होतो हे खरं, पण स्टाफच्या बसवर. मी ड्रायव्हर. तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. (हे अगदी खरं आहे. मी विचारलं नव्हतं. सफारी घातलेल्या माणसाला काय विचारणार?) पण माणूस डगमगला नाही, तुझं दीड पान त्यांनी वाचून आणलं होतं. म्हणाले, "मी तीस वर्षांत एकदाही टक्कर होऊ दिली नाही. त्याचं मला सर्टिफिकेट आहे. ही तुमची मुलगी टक्कर व्हावी म्हणून यंत्राच्या मागे लागली आहे. म्हणजे तिचं काम माझ्यापेक्षा अवघड." यावर पहिली टाळी पडली. पुढे ते मुक्कामाच्या वेळा, टायरमधली हवा आणि चिल्हार फाट्यावरचे खड्डे यावर बारा मिनिटं बोलले, आणि मला कबूल केलं पाहिजे की मेळाव्यातलं सगळ्यात समजेल असं भाषण तेच होतं.

मग मी. मी ठरवलं होतं की नुसतं बोलायचं नाही, दाखवायचं. तू लिहिलं होतंस की प्रोटॉनला एक प्रतिजोडीदार असतो, वजन तेवढंच, वीज उलटी. जोडी म्हटलं की आपल्या गावात काय डोळ्यांपुढे येणार? बोंबील. बांबू रोवून त्यावर दोऱ्या ताणलेल्या आपल्या वलांडीवर बोंबील जोडीनेच वाळतात, एक दोरीच्या अल्याड, एक पल्याड. मी मंचावर दोन काठ्यांना दोरी बांधली, ताजे बोंबील आणवले आणि त्यांना शेपटीकडून सोसायटीच्या फायलींच्या लाल फितीने बांधून लटकवलं. मागे वळलो तर सभागृहात हसण्याचा असा लोट उठला की माईक शिट्टी मारायला लागला. मला वाटलं, धोतर सुटलं. मग लक्षात आलं की मी पँटमध्ये आहे.

झालं होतं असं की जन्म सातपाटीत जाऊनही मी बोंबील कधी दोरीवर घातलेला नाही. ते काम बायकांचं. मी वयाच्या विसाव्या वर्षी ऑफिसात शिरलो, तो तिथेच आहे. रोज बघत होतो, पण बघितलं नव्हतं. बोंबील शेपटीला बांधत नाहीत, हे दोनशे बायकांना माहीत होतं आणि सचिवाला नव्हतं. शेवटच्या रांगेतून तुझी आई उठली. कपाळाला आठी घालून मंचावर आली, माझी लाल फीत सोडून माझ्याच खिशात कोंबली. एक बोंबील घेतला, त्याचा जबडा उघडला, दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवला, आणि ती दुकल दोरीवर टाकली. हात असा चालला की मला दिसलासुद्धा नाही. तिसरी जोडी लावताना तिने एक बोंबील हातात तोलला, परत पाटीत टाकला आणि दुसरा घेतला. मला म्हणाली, पण माईक चालू होता त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, "जोड सारक्या वजनाची लागते. नायतर जड तो हलक्याला वडतो नि दोगं खाली." मी ताबडतोब माईक धरला आणि सांगितलं की प्रोटॉनचं आणि प्रतिप्रोटॉनचं तंतोतंत तसंच आहे, वजनात तिळाएवढाही फरक नाही. बायकांनी माना हलवल्या. त्यांना त्यात नवल काही वाटलं नाही. फरक असता तर कशी राहील जोडी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता पुढचा प्रसंग मी जसा घडला तसा लिहितो. मी म्हणत होतो, भगिनींनो, ही जोडी एकमेकांना भिडली की दोघंही नाहीसे होतात, आणि त्यांच्या जागी दोन अगदी हलके कण निघून पाठीला पाठ करून विरुद्ध दिशांना सुसाट जातात. 'सुसाट' म्हणायला आणि खिडकीतून मांजरं यायला एकच गाठ पडली. दोन मांजरं. (सातपाटीतल्या मांजरांना मेळाव्याचं निमंत्रण लागत नाही.) त्यांनी पुढची जोडी दोरीवरून उडवली आणि एक मांजर बंदराच्या दाराकडे गेलं आणि दुसरं बरोबर त्याच्या उलट, स्वयंपाकाच्या खोलीकडे गेलं. दोरीवर त्या जागी काही उरलं नाही. विज्ञानाचा इतका चोख प्रयोग तुमच्या जर्मनीत कोट्यवधी खर्चूनही झाला नसेल. टाळ्या थांबेनात. त्यानंतर थोडा वेळ मी मंचावर नव्हतो, पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, आणि परत आलो तेव्हा दाराशीच उभा राहिलो, कारण आत जे चाललं होतं त्यात माझी गरज दिसली नाही.

चंद्रभानरावांनी तुझ्या आईला माईकसमोर थांबवलं होतं. ते मनापासून विचारत होते की काशीबाई, सगळं नाहीसं झाल्यावर तुमच्या लेकीला सापडतं काय? जे मोडून संपलं त्याच्या पोटात काय होतं हे तिला कसं कळणार? मी मनात म्हटलं, गेली आता ताईची अब्रू. मासळी विकताना तिच्या तोंडाला तोंड देणारा पालघर तालुक्यात जन्मला नाही, पण हे वेगळं. तुझी आई पदराला हात पुसत उभी राहिली आणि मग हळू बोलली. मी शब्द न् शब्द लिहून ठेवला आहे.

"बोट लागली की आमी बोटीत बगत नाय. बोट चालवनारा तांडेल बगू देत नाय. आमी दूर उभ्या रातो. पाट्या घिऊन बाया उतरतात, त्या कुटं वळतात ते बगतो. सरळ बर्फावर जास्त गेल्या तर पापलेट. आडव्या वलांडीकडं जास्त गेल्या तर बोंबील. दोनीकडं किती किती गेल्या ते मोजलं का बोट रिकामी झाली तरी तिच्या पोटात काय होतं नि किती होतं, ते समजतं. माजी पोर तेच करते. सरळ किती गेले, आडवे किती गेले, ते मोजते."

वैभवी, तुझ्या दीड पानात शेवटच्या ओळींत हेच लिहिलं होतं, की जोडी नाहीशी झाली की तिथून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन निघतात, ते टकरीच्या रेषेजवळून किती जातात आणि आडवे किती जातात यावरून प्रोटॉनच्या पोटातला चुंबकाचा वाटा आणि विजेचा वाटा वेगळे काढता येतात. मी ते अकरा वेळा वाचून पाठ केलं होतं. तिने ते पाठ केलेलं नव्हतं. तिला ते कळलं होतं. (मी घरी ओसरीवर मोठ्याने सराव करत असे, त्यातून तिच्या कानांवर पडलं असणार. माझी वाणी स्पष्ट आहे.) चंद्रभानराव हात जोडून म्हणाले, पटलं, आणि त्या फिरकीचं, म्हणजे कणाच्या स्वतःभोवती फिरण्याचं काय? त्यावर तुझी आई दोरीवरचे बोंबील नीट करत म्हणाली, "ती रायली हाय. ती मला इचारायची हाय." कोणाला, असं त्यांनी विचारलं. ती पाटी डोक्यावर घेऊन मंचावरून उतरली. सत्काराचा नारळ मी तिला द्यायला धावलो, तोपर्यंत ती वलांडीवर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नारळ घेऊन तिच्याकडे गेलो. ती दोरीवर बोंबील घालत होती आणि मी, आता शिकलोच आहे तर, जबडे अडकवून देत होतो (चार जोड्या सुटल्या, त्याचं विशेष नाही). मी म्हटलं, ताई, एवढं तुला कळतं, मग पोरीला सांग की. फोनवर दोन वाक्यांत का आटपतेस? तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. मग तिने जे सांगितलं ते तुला सांगू नको असं बजावलं, म्हणून लिहितो आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी तू आलीस, तेव्हा बंदरावर तिच्याबरोबर गेली होतीस. ती बायकांना कौतुकाने सांगत होती की माझी पोर अणुशक्तीत आहे, जर्मनीच्या. तू म्हणालीस, अणुशक्ती नाही, आई. ती म्हणाली, तेच ते, वीज करतात ना. तू पुन्हा सांगितलंस. तिने पुन्हा काहीतरी चुकीचं म्हटलं. तू प्रवासाने दमलेली होतीस, मला मान्य आहे, सोळा तास विमानात बसून माणूस देवाशीसुद्धा नीट बोलणार नाही. तू म्हणालीस, 'राहू दे, आई. तुला नाही कळायचं.' तुला हे आठवतसुद्धा नसेल. त्या वेळी आजूबाजूला आठ-दहा बायका होत्या. तुझ्या आईने त्याच क्षणी पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि निघाली. तुला वाटलं, तिला धंद्याची घाई आहे. ज्या बाईने सातपाटीची मासळी बोईसरपर्यंत डोक्यावर वाहून तुला शिकवलं, तिला तू दहा बायकांत पायरीच्या खाली बसवलंस. मला फार वाईट वाटलं, पोरी. मी हे विनोदाने लिहिणार होतो, पण ते तसं लिहिता येत नाही.

ती मला म्हणाली, "मला कळत नाय, ते खरंच हाय. पन ती आजचं नाय बोलली, कायमचं बोलली." एवढं बोलून तिने पुढची जोडी घातली. तेव्हापासून तुझा फोन आला की ती दोनच प्रश्न विचारते, कारण त्या दोन प्रश्नांत चुकायला जागा नाही. जेवलीस का आणि थंडी आहे का यात कोणी कोणाला नाही कळायचं म्हणू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकते आहे. सहा-सात महिने झाले, दर बुधवारी ती बोईसरच्या वसाहतीत जाते, पाटीतली सगळ्यात चांगली पापलेटं वेगळी बांधून नेते, आणि परत यायला तिला दोन-दोन तास उशीर होतो. विचारलं तर म्हणते, गिऱ्हाईक बोलकं आहे. तुझ्या मामीचं म्हणणं आहे की भिशी लागली असेल. माझं म्हणणं आहे की गुडघे दुखत असतील आणि ती कुठेतरी बसत असेल. तू विचारलंस तर कदाचित सांगेल.

बाकी सर्व ठीक. चूकभूल पदरात घे. पाकिटात चार दाणे तिळगूळ घातला आहे. तुझ्या सरकारने तो काढून घेतला तर त्यांना म्हणावं, खाऊन टाका आणि इकडच्या लोकांशी गोड वागा.

तुझा मामा,
आत्माराम
(सचिव, आणि आता थोडाफार अणुतज्ज्ञ)

ता. क. चंद्रभानरावांनी विचारलं आहे की तिकडच्या बसचं वेळापत्रक मिळेल का. त्या बस वेळेवर सुटतात असं त्यांच्या कानांवर आलं आहे आणि त्यांना ते लेखी बघायचं आहे.

ता. क. दुसरा. आता खरं कारण. हे पत्र मिळेल त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी फोन कर, पण माझ्या फोनवर नाही, तिच्या. माफी मागू नकोस, माफी मागितलीस तर ती रेंज नाही म्हणून ठेवून देईल. तिला काही समजावूनही सांगू नकोस. उलट तूच तिला काहीतरी विचार. बोटीतून उतरणाऱ्या बाया ती कशा मोजते, चुकते का कधी, चुकली तर तिला कसं समजतं, हे विचार. हे तुला ठाऊक नाही, आणि तुला लागेल. हे मी सुचवलं असं कुठेही येता कामा नये. म्हणूनच पत्र लिहिलं, फोन ती ऐकते. ती आज पालघरला जाणार आहे, पाकीट तिच्याच हाती पोस्टात टाकायला देतो आहे. डिंक पक्का लावला आहे.

ता. क. (हे मी काशीबाई लिवते. डिंक पक्का नव्हता.)

पोरी, तुज्या मामाचं सगळं खरं मानू नको. मांजरं दोन नव्हती, एकच होतं. ते बंदराकडं गेलं. उलट्या बाजूला जो पळाला तो आत्माराम. त्याला मांजराचं भ्या वाटतं, लानपणापासून. पानी प्यायला गेला नव्हता, कोठीत दार लावून बसला होता. बोंबील त्याच्या हातातच होता.

बुधवारी मी चंद्रभानच्या सुनेकडं जाते. राजनंदिनी तिचं नाव. पालघरच्या कालेजात फिजिक्स शिकवते. तू बाबांना छापलेलं पुस्तक पाटवलंस ते मी पाटीत घालून तिच्याकडं नेलं. ती इंग्रजी वाचते नि मला सांगते. तिला पापलेट आवडतात. दर बुधवारी तीन पानं होतात, कदी चार. गनिताची पानं आमी सोडून देतो, ती तिलापन जड जातात, असं ती बोलली.

आता एकशेबारा पानावर हाय. तितं तू लिवलंस, नुस्तं मोजून दोन वाटे केवडे ते कळतं, पन दोगांमदला कोन, म्हंजे दोगं एकमेकांना किती तिरके ते, कळत नाय. त्याला फिरकी लागते. फिरकी बगायची तर समोरच्या प्रोटॉनची फिरकी आदी एका बाजूला धरून ठेवायला पायजे. तो धरायचा कसा? आमी पुडची बारा पानं बगितली. तू लिवलंच नायस. राजनंदिनी बोलली, ते यंत्र अजून बांदून व्हायचं हाय, तिलाच इचारा.

म्हनून इचारते. रविवारी दुपारी फोन कर. जेवलीस का ते नंतर इचारीन. मला एकदा सांगून नाय कळलं तर दुसऱ्यांदा सांग. मी पाटी खाली ठिवून बसते.